बंद पेटीची झडती

वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत नोव्हेंबर 1895 मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि वैद्यकाने त्याचा तत्काळ अंगीकार केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु 1897 सालीच पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावर फ्रेंच जकात खात्याने त्याच किरणांनी उतारूंच्या पेट्या न उघडता तपासून पाहिल्या, ही हकीकत फारशी कोणाच्या स्मरणात नाही. त्या अंमलदारांना चिंता होती ती महसुलाची. उतारूंच्या प्राणरक्षणाचा विचार या यंत्राला फार उशिरा चिकटला, आणि तोही प्रत्येक वेळी प्राणहानी झाल्यावर किंवा तिचे संकट दाराशी आल्यावरच, याचे मला राहून राहून वैषम्य वाटते.

विमान-अपहरणांचे सत्र सुरू झाल्यावर अमेरिकेने 5 जानेवारी 1973 पासून प्रत्येक उतारूची व त्याच्या हातातील सामानाची झडती सक्तीची केली. विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेट्यांकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. या उपेक्षेचे मोल आपल्या देशाने दिले. 22 जून 1985 रोजी व्हँकूव्हर येथे एकाने आपली पेटी पुढे एअर इंडियाच्या विमानात चढविण्याची तजवीज करून घेतली आणि स्वतः मात्र तो विमानात बसलाच नाही. ती पेटी जेथे त्या विमानात चढायची होती त्या टोरांटोच्या विमानतळावरील क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी काम चालू असतानाच बंद पडले, आणि उरलेल्या पेट्यांची तपासणी हाती धरून फिरवावयाच्या एका हुंगणी-यंत्रावर सोपविण्यात आली, ज्याचा भरवसा धरता येत नाही हे आधीच्या चाचणीत दिसून आले होते. दुसऱ्या दिवशी दिल्ली-मुंबईकडे निघालेले ते विमान, ‘कनिष्क’, आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले व 329 जीव गेले. यंत्र नादुरुस्त होते हे खरेच. पण धन्यावाचून पेटी पुढे रवाना व्हावी, हा दोष यंत्राचा नव्हता. उतारू व त्याचे सामान यांचा मेळ घातल्याखेरीज विमान सोडू नये, हा दंडक या घातपातानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत शिरला खरा, परंतु त्याची अंमलबजावणी ढिलीच राहिली. 1988 च्या डिसेंबरात लॉकरबी येथे विमानात अशाच धन्यावाचून चढलेल्या पेटीतील रेडिओ-कॅसेटयंत्रात दडविलेल्या स्फोटकाने 270 बळी घेतले.

यंत्रालाही मर्यादा होतीच. साध्या क्ष-किरणचित्रात एका वस्तूची छाया दुसरीवर पडते, आणि लगद्यासारखे स्फोटक त्या गर्दीत सहज लपते. म्हणून दोन निरनिराळ्या ऊर्जांचे किरण योजून पदार्थांची जात ओळखण्याची युक्ती निघाली: धातू निळा, सेंद्रिय पदार्थ नारिंगी. पुढे, हौन्सफील्ड यांनी रुग्णाच्या मेंदूसाठी सिद्ध केलेले सीटी तंत्र पेट्यांकडे वळले, आणि 1994 च्या डिसेंबरात अशा पहिल्या यंत्राला अमेरिकी विमान-प्रशासनाची मान्यता मिळाली.

तरीही पडद्यावर लाडवांचा डबा नारिंगी आणि स्फोटकही नारिंगीच! निवाडा करावा लागतो तो तेथे बसलेल्या माणसाला. त्याची नजर थकते, म्हणून त्याला दर थोड्या वेळाने बदलतात. आणि त्याचे अवधान सुटू नये यासाठी खऱ्या सामानाच्या चित्रात यंत्र मधूनच एखाद्या पिस्तुलाची खोटी प्रतिमा घालते व तो ती ओळखतो की नाही याची नोंद ठेवते.