कोंडलेला चिरूट

हातकामांतील दोष बहुधा वरून दिसतात. कापड विरळ विणलें असेल तर तें उजेडांत धरतांच कळतें. मडक्याला चीर असेल तर टिचकी मारतांच ती कानावर येते. चिरुटाचा मुख्य दोष मात्र तो पेटविल्यावांचून कळत नाहीं. वरून पाहावें तर पान गुळगुळीत, रंग एकसारखा, घडण सुबक. आणि ओढूं लागावें तों धूर येतच नाहीं. गालांस खळ्या पडेपर्यंत ओढलें तर थोडासा कढत, कडवट धूर जिभेवर येतो, आणि लवकरच चिरूट विझतो. अशा चिरुटास आम्ही 'कोंडलेला' म्हणतों. तंबाखूची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. तिचे अपाय आतां सर्वश्रुत आहेत. परंतु घाईचें काम आणि जाणत्या हाताचें काम यांतील अंतर या एका दोषाच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें, म्हणून हा प्रपंच.

चिरूट हा शब्द मूळ तमिळ. त्याचा अर्थ गुंडाळी. त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट एके काळीं इंग्रजी साम्राज्यांत दूरवर प्रसिद्ध होते. ते दोन्ही टोकांस उघडे असत. हवानाचा चिरूट मात्र ओठाकडील टोकास पानाच्या टोपीनें बंद केलेला असतो, व तें टोक कापून मगच तो ओढावा लागतो. त्याच्या घडणीचे थर तीन: आंत भरणाचीं पानें, त्यांभोवतीं बांधणीचें पान, आणि सर्वांवर वेष्टणाचें पान. भरणांत झाडाच्या शेंड्याकडील जाड व तिखट 'लिहेरो', मधलें 'सेको' आणि खालचें, चटकन पेटणारें 'बोलादो' अशीं पानें मिसळतात. लिहेरो सावकाश जळतें, म्हणून तें मध्यभागीं ठेवावें लागतें.

खरें कौशल्य येथेंच आहे. कुशल कारागीर प्रत्येक पान लांबीच्या दिशेनें सैलसर दुमडून मुठींत जमवितो. दुमडींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक वाटा राहतात, आणि धूर त्याच वाटांनीं येतो. तींच पानें पुस्तकाच्या पानांसारखीं एकावर एक ठेवून एकदम गुंडाळलीं तर काम झटपट उरकतें, पण वाटा बुजण्याचा संभव वाढतो. जुडी किंचित् पिळली गेली, एखाद्या जागीं पान जास्त पडलें, अथवा मधली शीर नीट काढली नाहीं, तर तेथें गांठ बसते. पान कमी पडलें तर उलट चिरूट भरभर जळून जातो. हें प्रमाण सरावानें मुठीलाच कळतें.

असा हात तयार होण्यास कित्येक महिने लागतात आणि तो मुरण्यास वर्षें. यामुळें या कारागिरांना आपल्या कसबाचा अभिमान असे. १८६५ सालीं हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यांत, काम चालू असतां मोठ्यानें वाचून दाखविणारा वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. त्याचें वेतन कामगार आपल्या मजुरींतून देत. पुढच्याच वर्षीं स्पॅनिश सरकारनें या वाचनास बंदी केली. परंतु प्रथा मेली नाहीं. ती फ्लॉरिडांतील टॅम्पापर्यंत पोंचली, आणि क्यूबांत अद्यापही चालू आहे. १९३५ सालीं निघालेल्या 'मॉन्तेक्रिस्तो' या छापाचें नांव ड्यूमाच्या कादंबरीवरून ठेवलें आहे. हात पानांत आणि कान कादंबरींत, अशी ही स्थिति ज्याच्या हाताला काम पूर्ण अंगवळणीं पडलें आहे त्यालाच लाभते, असें आम्हांस वाटतें.

याच सुमारास दुसरीकडे उलट वारे वाहूं लागले होते. जर्मनींतून आलेला लांकडी साचा १८६९ च्या सुमारास अमेरिकेंत पसरला. साच्यांत जुडी दाबली कीं आकार आपोआप येतो. मग मुठीचें कसब कशाला, असा मालकांचा हिशेब होता. सिनसिनाटीच्या कारागिरांनीं त्याविरुद्ध संप केला, तो फसला. साचा राहिला, आणि पुढें जाणत्या कारागिरांनींही तो वापरांत घेतला. मात्र साचा फक्त बाहेरचा आकार देतो. आंतील वाटा मुठीनें अगोदर राखल्या नसतील, तर त्याच्या दाबानें त्या अधिकच बुजतात.

याचा प्रत्यय क्यूबाला विसाव्या शतकाच्या अखेरीस आला. १९९१ सालीं सोव्हिएट संघ कोसळला, तेव्हां क्यूबाचा मोठा आधार तुटला आणि परकीय चलनाची चणचण पराकोटीस गेली. त्याच दशकांत जगभर चिरुटांची मागणी एकदम वाढली. उत्पादन वाढविण्याचा हुकूम झाला. नवे कारखाने उघडले, नवे हात भराभर शिकवून बांकांवर बसविले. कोणत्याही गरीब देशानें तेंच केलें असतें. पण शतकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, हवानाचा चिरूट कोंडतो, अशी ओरड सर्व बाजूंनीं उठली. दीडशें वर्षांत कमावलेला लौकिक पणाला लागला.

तेव्हां नव्या शतकाच्या आरंभीं कारखान्यांत एक यंत्र आलें. वेष्टण घालण्यापूर्वीं जुडी त्यांत ठेवतात. यंत्र तींतून हवा ओढतें आणि किती अडथळा होतो तें कांट्यावर दाखवितें. अडथळा फार असल्यास ती जुडी कारागिराकडे परत जाते. तक्रारी यामुळें पुष्कळ कमी झाल्या. तथापि हें यंत्र केवळ परीक्षक आहे. परत आलेली जुडी सोडून पुन्हां बांधण्याचें काम शेवटीं त्याच हातांस करावें लागतें.

ज्याच्या हातीं कोंडलेला चिरूट पडला त्यानें काय करावें? प्रथम तो बोटांत हलके फिरवून कठीण जागा शोधावी व तेथें हळुवार चोळावें. टोपी फारच थोडी कापली असेल तर आणखी किंचित् कापावी. गांठ खोल असेल तर लांब, बारीक सळई मधून सावकाश घालून वाट करावी. जोर केल्यास वेष्टण फाटतें. पुष्कळदां मात्र दोष कारागिराचा नसून ओलाव्याचा असतो. तंबाखूचें पान हवेंतील पाणी शोषून फुगतें, आणि मुंबईच्या पावसाळ्यांत तर उत्तम चिरूटही कोंडतो. तो कांहीं दिवस कोरड्या जागीं ठेवावा. जोरानें ओढणें मात्र कधींही उपयोगी नाहीं. त्यानें धूर तापतो आणि कडवटपणा वाढतो.

हे सारे उपाय मागाहूनचे आहेत. सळईनें केलेली वाट आणि मुठीनें मुळांतच राखलेली वाट यांची बरोबरी होत नाहीं. क्यूबानें घाईनें बसविलेल्या नव्या हातांपैकीं जे बांकावर टिकले, ते वर्षानुवर्षें काम करून जाणते झाले, आणि त्यांच्या हातचा चिरूट मोकळा झाला. परीक्षकाचा कांटा त्यांना लवकर शिकवूं शकला असेल. पण शिकण्यास जो काळ लागतो तो काळ त्यांना द्यावाच लागला.