सुंभाचा पीळ आणि काथ्याचा भुसा



‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपल्या भंडारा जिल्ह्यातही घरोघरी माहीत आहे. आपला वैनगंगेचा काठ म्हणजे धानाचा मुलूख. नारळ इथे येतो तो पूजेला आणि प्रसादाला. तरीपण आज मिरची, वांगी, टमाटरची रोपे ज्या तपकिरी भुशात वाढवतात, तो भुसा त्या सुंभाच्याच घरचा. बाजारात त्याला कोकोपीट म्हणतात. या भुशाने आजवर कोणकोणते दिवस पाहिले हे समजले, म्हणजे तो कसा वापरावा हेही ध्यानात येते.

नारळाच्या सोडणातून काथ्या निघतो. किनाऱ्यावरचे लोक सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवीत, मग ठोकून धागा मोकळा करीत. त्याचे सुंभ वळत, चटया विणत. 1859 साली जेम्स डाराह याने केरळात आलप्पुळा येथे काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला आणि हा धंदा वाढीस लागला. स्वातंत्र्यानंतर 1953 च्या कायद्याने कॉयर बोर्ड स्थापन झाले.

पण सोडणात धागा जेमतेम एक तृतीयांश. एक किलो धागा काढला की दोन किलोच्या आसपास भुसा उरायचा. त्यात लिग्निन नावाचा चिवट पदार्थ भरपूर, त्यामुळे तो वर्षानुवर्षे कुजत नसे. कारखान्यांजवळ त्याचे डोंगर साचले. पावसाळ्यात त्यातून तांबूस पाणी झिरपे. लोक तो कचरा म्हणून जाळून टाकीत.

गंमत अशी, की इंग्लंडातील माळ्यांनी 1860 च्या दशकातच हा भुसा कुंड्यांत वापरून पाहिला होता. पण माल एकसारखा मिळेना, म्हणून तो मागे पडला. तिकडे पुढे पीट वापरू लागले. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ. ते उपसून दलदली संपू लागल्या, तेव्हा 1980 नंतर पुन्हा नारळाच्या भुशाची आठवण झाली. कोकोपीट हे नावही त्या पीटवरूनच पडले. इकडे आपल्या शास्त्रज्ञांनी धिंगरी अळिंबीच्या बुरशीने आणि टनाला 5 किलो युरियाने हाच भुसा कुजवून खत करण्याची रीत बसवली.

या इतिहासात आपल्यासाठी दोन धडे आहेत.

पहिला धडा मिठाचा. खाऱ्या पाण्याजवळचा हा माल, त्यामुळे त्यात सोडियम व पोटॅशचे क्षार राहू शकतात. न धुतलेल्या भुशात आम्ही स्वतः एकदा मिरचीचे दोन ट्रे टाकले होते. उगवण झाली, पण आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या. बी महागाचे, शिवाय रोप गेले की हंगामाचे दिवसही गेले!

दुसरा धडा रिकामेपणाचा. हा भुसा आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरतो, पण त्यात नत्र नावापुरतेच. तो रोपाला बिछाना देतो, जेवण देत नाही. जेवण आपणच द्यायचे.

तेव्हा रोपे करताना एवढे पाळा :

1. कोकोपीटची वीट गोड्या पाण्यात भिजवा, पाणी निथळू द्या. असे दोन-तीनदा करा. शंका असल्यास प्रयोगशाळेत क्षारता तपासून घ्या. ती 1 डेसीसायमनपेक्षा कमी असावी.

2. 98 कप्प्यांच्या ट्रेला साधारण सव्वा किलो कोकोपीट लागते. एका कप्प्यात एकच बी टाका.

3. ट्रे ओसरीत किंवा पडवीत ठेवता येतात. पावसाच्या माऱ्यापासून बचाव होतो आणि रोपे कोलमडण्याचा रोगही आटोक्यात राहतो. पण कोंब दिसताच ते भरपूर उजेडात आणा. अंधाऱ्या खोलीत रोप लांबट आणि पिवळे होते.

4. वरून कोरडे दिसले तरी आत ओल असते. मूठभर भुसा दाबून पाहा. पाणी गळत असेल तर पाणी देऊ नका.

5. पेरणीनंतर 12 व्या आणि 20 व्या दिवशी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 3 ग्रॅम घेऊन द्या.

6. लावणीपूर्वी चार-पाच दिवस रोपे बाहेर उन्हात ठेवून पाणी थोडे कमी करा.

आता खर्चाचे. हा भुसा दक्षिणेतून किंवा कोकणातून येतो, त्याचे भाडे आपल्याच खिशातून जाते. उलट आपल्या भातगिरण्यांबाहेर धानाच्या तुसाचे ढीग पडलेले असतात. अर्धवट जाळून काळे केलेले, नीट धुतलेले तूस थोड्या प्रमाणात कोकोपीटमध्ये मिसळून पाहा. पहिल्या वर्षी एकाच ट्रेवर प्रयोग करा, शेजारी नुसत्या कोकोपीटचा ट्रे ठेवा आणि दोन्हींची रोपे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा.

काथ्याच्या भुशालाही लोकांनी शंभर वर्षे कचराच म्हटले होते. आपल्या दारचे तूस तरी कचरा आहे काय, हे एका ट्रेवर पाहून मगच ठरवा.