सहसंयुज सेंद्रिय चौकटी (कॉफ)

कार्बन, हायड्रोजन, बोरॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे रेणू सहसंयुज बंधांनी ठरावीक नक्षीत जोडून बनवलेले सच्छिद्र स्फटिकी पदार्थ. धातूचा अंश चौकटीत नसतो. द्विमितीय प्रकारात मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचे थर एकावर एक बसून आरपार नळ्या तयार होतात. त्रिमितीय प्रकारात जाळी सर्व दिशांना वाढते.

ओमर याघी व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मिशिगन विद्यापीठात कॉफ-1 आणि कॉफ-5 तयार केले. कॉफ-5 ची छिद्रे 2.7 नॅनोमीटर रुंद असून एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे 1590 चौ. मी. भरते, म्हणजे ग्रॅमभर भुकटीत कबड्डीची बारा मैदाने.

खरी मेख आहे ती निर्मितीत. घट्ट बंध पडेल तिथे चिकटतो आणि हाती बेशिस्त गोळा येतो. म्हणून उलट फिरू शकणारी अभिक्रिया निवडतात: चुकीचा सांधा उसवतो, पुन्हा नीट बसतो. घटक द्रावकात कालवून, नळी वितळवून बंद करून, 100 ते 120 अंश सेल्सिअसला तीन दिवस तापवतात. पण जो बंध उसवून सुधारता येतो तो पाण्यानेही उसवतो. बोरॉनच्या चौकटी दमटपणातच ढासळत.

यावरचा एक नामी तोडगा पुण्यातला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने 2012 मध्ये ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल आणि डायअमाइन यांची जोडी वापरली. आधी नेहमीचा परतणारा बंध जुळतो, स्फटिक आकार घेतो. मग ऑक्सिजनवरचा हायड्रोजन नायट्रोजनकडे सरकतो आणि परतीची वाट बंद होते. अशी चौकट उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लातही टिकते. पुढच्याच वर्षी याच गटाने बंद नळीऐवजी खलबत्ता घेतला. सामान्य तापमानाला, द्रावकाशिवाय घोटताना फिकट पिवळी पूड आधी नारिंगी होते, पाऊण तासात गडद लाल. सच्छिद्रता मात्र नळीतल्या मालापेक्षा कमी भरते. 2017 मध्ये त्यांनी आम्लमिश्रित लगदा मिनिटभर भाजून ती उणीवही भरून काढली. कुंभारकामाशी असलेल्या साम्यामुळे या पद्धतीला टेराकोटाचे नाव मिळाले.

उपयोग अनेक सांगितले जातात: वायूंची साठवण, पाण्यातले रंग गाळणारी पटले, विजेरीचे अग्र, प्रकाश-उत्प्रेरण. यांतले बरेचसे अजून प्रयोगशाळेच्या उंबऱ्याआतच आहेत. पॅलेडियम धरून ठेवणारी कॉफ-एलझेडयू-1 ही चौकट 2011 मध्ये उत्प्रेरक म्हणून यशस्वी ठरली. सर्वांत आश्वासक वाटते ती कॉफ-999 (2024). तिच्या छिद्रांत अमाइनच्या साखळ्या वाढवलेल्या असतात. त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतात आणि सुमारे 60 अंशांना सोडून देतात. बर्कलीच्या उघड्या हवेत अशा शंभरावर फेऱ्या झाल्या, तरी तिची क्षमता घटली नाही.