तुकोबांची वाट : उंडवडी ते सराटी

पायी चालण्यासाठीच सुटी काढावी, हाती नकाशा घ्यावा, वाटाड्या न घेता गावोगाव मुक्काम करीत जावे आणि जड सामान कोणीतरी पुढच्या मुक्कामी पोचवावे, ही रीत युरोपात आता चांगली रुळली आहे. स्पेनमधील संत याकोबाच्या समाधीकडे, म्हणजे सान्तियागोकडे जाणारी वाट हे तिचे ठळक उदाहरण. मध्ययुगात गजबजलेली ही वाट पुढे जवळजवळ ओस पडली होती. १९८४ च्या सुमारास एलियास वालिन्या या ग्रामीण धर्मगुरूने झाडांवर, दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवून ती पुन्हा चालती केली. २०२३ साली चार लाखांहून अधिक यात्रिक तिच्या अखेरीस पोचले. आपल्या महाराष्ट्रात मात्र अशी एक दीर्घ वाट आहे, की जिला बाणांची गरज कधी भासलीच नाही. देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या त्या वाटेचा बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील भाग आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

या वाटेचा इतिहास तुकोबांच्या धाकट्या पुत्रापासून सुरू होतो. नारायणमहाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून आषाढी वारीला सामुदायिक सोहळ्याचे रूप दिले. आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकाही त्याच सोहळ्यात नेल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतरावबाबांनी ज्ञानोबांचा सोहळा स्वतंत्र केला. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. ज्ञानोबांची पालखी सासवड, लोणंद, फलटण अशी जाते. तुकोबांची यवत, वरवंड, बारामती, इंदापूर अशी.

बारामती तालुक्यात पालखीचा मुक्काम उंडवडी गवळ्याची येथे, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द बारामतीत. हे गाव मोरोपंतांचे. १७९४ साली निधन पावलेल्या या पंडितकवीने बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथेच आपली आर्यारचना केली. संस्कृतप्रचुर आर्येच्या या गावाला अभंगाचा धनी दरसाल पाहुणा म्हणून येतो, ही मराठी वाङ्मयातील एक सुंदर भेट आहे, असे आम्हांस वाटते. पुढे काटेवाडीत परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ आपले कळप पालखीभोवती रिंगणात फिरवितात. मग सणसरचा मुक्काम, बेलवडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूरचे रिंगण, आणि अखेर नीरेच्या काठी सराटी. तेथे तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घडते आणि पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या सबंध वाटेवर खूण अशी असते ती गावाचीच. कोठे विसावा, कोठे दुपारचे भोजन, कोठे रात्र, कोणी पायघड्या घालायच्या, हे ज्याच्या त्याच्या घराण्याला आणि समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिंड्यांना रथापुढचे आणि रथामागचे क्रमांक ठरलेले असतात. त्यांचे तंबू व शिधा घेऊन ट्रक पुढच्या मुक्कामी जातात. कोणत्याही दिंडीत नसलेला माणूसही चालू शकतो. अशांना ‘मोकळा समाज’ म्हणतात. त्यांचा नकाशा म्हणजे पुढे चाललेला माणूस आणि त्यांची शिदोरी म्हणजे वाटेवरच्या गावांचे अन्नदान.

या वाटचालीने अभ्यासकांनाही ओढून घेतले. गी दलरी या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंनी १९५६ साली तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला, तो ‘यात्रिकाची स्तोत्रे’ अशा अर्थाच्या नावाने. दाविदाच्या स्तोत्रांसाठी वापरला जाणारा शब्द त्यांनी देहूच्या वाण्याच्या वाणीला लावला. १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा विठ्ठलभक्तीवरील ग्रंथ काढला. दि. बा. मोकाशी १९६१ साली ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालले. त्यांचे ‘पालखी’ १९६४ साली आले. त्याआधी इरावतीबाई कर्वे चालल्या होत्या. त्यांनी प्रेमाने लिहिले, पण डोळे झाकून लिहिले नाही. भजन एकत्र आणि पंगत मात्र जातवार निराळी, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यांच्या लेखात स्पष्ट उमटले आहे. वाट समतेची असली तरी चालणारा आपले घर पाठीवर घेऊनच निघतो, हा त्यांनी दिलेला धडा कोणत्याही यात्रेला लागू पडावा.

२०२० साली या परंपरेची कसोटी लागली. महासाथीमुळे पायी वारी थांबली; पादुका एस.टी.च्या बसने पंढरपुरी नेण्यात आल्या. २०२१ सालीही तसेच झाले. पादुका पोचल्या, एकादशी साधली; परंतु काटेवाडीच्या पायघड्या, बेलवडीचे रिंगण, घरोघरच्या पंगती यांना ती दोन वर्षे मुकावे लागले. पंढरपूर गाठणे आणि पंढरपूरला चालत जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सर्वांस उमगले.

त्याच २०२१ च्या नोव्हेंबरात पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. तुकोबांच्या मार्गाचा पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा टप्पा त्यात आहे आणि दोन्ही बाजूंस पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट योजिली आहे. वाहनांच्या गर्दीतून म्हातारीकोतारी माणसे चालत, ती सुरक्षित व्हावीत, हे इष्टच आहे. परंतु रुंदीकरणात जुन्या रस्त्यांची सावली देणारी झाडे जातात, आणि नवे रोपटे वड होण्यास एक पिढी लागते. शिवाय रुंद रस्ता गावाला बगल देऊन जाऊ शकतो. पालखी तशी जाऊ शकत नाही. तिला गावात शिरावेच लागते.

आषाढाखेरीज अन्य दिवसांत कोणी उंडवडी ते सराटी चालू म्हटले, तर त्यास रस्ता मिळेल, ऊस दिसेल, चहाही मिळेल. मिळणार नाही ते एवढेच, की कोणीतरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव. सान्तियागोच्या वाटेवर ती जाणीव धर्मशाळांतून, एका धर्मगुरूच्या बाणांतून पुन्हा उभी करावी लागली. आपल्याकडे ती तीन शतकांहून अधिक काळ अखंड चालत आली आहे. रस्ता सरकार बांधील. पण ही जाणीव राखणे हे काम गावांचे आहे. आणि इरावतीबाईंना सललेली ती निराळी पंगत एक करणे, हे चालणाऱ्यांचे.