खोपोलीचे पाइप आणि आपल्या वाडीचा नळ

मंडळी, यंदाही पहिल्या मोठ्या पावसात डोंगरावरच्या टाकीतून वाडीला येणारी पाइपलाइन सरकली. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं : "डोंगर आहे, इथं असंच व्हायचं." म्हणून थोडा इतिहास सांगतो.

लोणावळा-खोपोलीची टाटांची जलविद्युत योजना. कल्पना जमशेटजींची, पण ते १९०४ सालीच गेले. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वळवण, लोणावळा, शिरवटा इथं अडवलेलं पाणी पोलादी पाइपांतून सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीला उतरतं. तळाशी दाब दर चौरस सेंटीमीटरला ५० किलोच्या वर. डोंगर हाच सह्याद्रीचा, पाऊसही हाच.

अशा पाइपला जिथं वळण येतं, तिथं काँक्रीटचा मोठा ठोकळा कातळात रुतवून बांधतात. त्याला अँकर ब्लॉक म्हणतात. कारण वळणावर पाणी पाइपला बाहेर ढकलतं, शिवाय पाइपचं वजन उताराकडे ओढत असतं.

आपली लाइन लहान, तिला कशाला ठोकळा? हिशेब करा. चार इंची पाइप, टाकी १०० मीटर उंचावर, खाली काटकोनी वळण. व्हॉल्व्ह बंद केला की त्या वळणावर एक टनापेक्षा जास्त जोर येतो. तो अडवायला आपल्याकडे नुसती माती!

पुरलेल्या पाइपचा दुसरा वैरी म्हणजे त्याचाच चर. उतारावर भुसभुशीत बुजवलेला चर हा पावसाला आयता ओहोळ. पाणी पाइपच्या कडेनं माती घेऊन जातं, पाइप उघडा पडतो, सांधा निसटतो. उपाय साधा : चरात ठरावीक अंतरावर आडवी भिंत, दोन्ही बाजूंच्या घट्ट जमिनीत शिरलेली. आपल्या आज्या-पणज्यांनी उतारावरच्या वावराला ताली घातल्या, तीच ही अक्कल.

तेव्हा येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारू. अंदाजपत्रकात अँकर ब्लॉक आणि आडव्या भिंती किती? आणि मोजमाप पुस्तकात किती लिहिल्या? यापुढे चर बुजवण्याआधी फोटोही काढून ठेवायचे.

मुंबईच्या गिरण्यांसाठी हा डोंगर शंभर वर्षांपूर्वी आवरता आला. वाडीतल्या हंड्यासाठी आज का आवरत नाही?