हवामान, शेती आणि अर्थमितीचे धडे

पाऊस कमी झाला की पीक घटते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मात्र किती घटते, कोणाचे घटते आणि त्या घटीत पावसाचा वाटा नेमका किती, हे ठरवणे अवघड आहे. अर्थशास्त्राला संख्याशास्त्राची जोड देऊन असे मोजमाप करणाऱ्या शास्त्राला अर्थमिती म्हणतात. नव्या संशोधकांना ती शिकवताना खरा भर गणितावर नव्हे, तर कशाची तुलना कशाशी करावी यावर द्यावा लागतो.

पुणे जिल्ह्यातील भोर तालुका याचे बोलके उदाहरण ठरावा. पश्चिमेला वरंध घाटाकडे धुवाधार पाऊस आणि भातखाचरे. पूर्वेला भोंगवलीच्या बाजूस यावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. दोन्हीकडच्या उत्पन्नातला सगळा फरक पावसाच्या नावावर टाकला, तर जमिनीचा पोत, सिंचन, महामार्गाची जवळीक हेही पावसाच्याच खात्यात जमा होते. तालुक्याची सरासरी काढावी, तर ती दोन्ही टोकांना लागू पडत नाही.

रॉबर्ट मेंडेलसोन, विल्यम नॉर्डहाउस व डायजी शॉ यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत निरनिराळ्या हवामानांतील जमिनींच्या किमती ताडल्या जातात. शेतकरी हवामानाशी जुळवून घेतो, हे तीत गृहीत असते. पण वरचा दोष तिला चिकटतो. भारतात जमिनीच्या किमतींच्या नोंदी भरवशाच्या नसल्याने त्याऐवजी निव्वळ उत्पन्न घेतले गेले. ऑलिव्हिए देशेन व मायकेल ग्रीनस्टोन यांनी २००७ मध्ये एकाच ठिकाणच्या निरनिराळ्या वर्षांची तुलना केली. जमीन तीच राहिल्याने तो दोष बराच टळतो. पण एका कोरड्या वर्षात शेतकरी विहीर खोदू शकत नाही की पीकपद्धत बदलू शकत नाही. त्यामुळे येथे धक्का दिसतो, जुळवून घेणे दिसत नाही.

केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने जिल्हावार नोंदींवरून हवामानबदलामुळे शेती उत्पन्नात सरासरी १५ ते १८ टक्के, तर कोरडवाहू भागात २० ते २५ टक्के घट होऊ शकते, असा अंदाज दिला होता.

पुण्याला या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. भोरला लागून असलेल्या वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची तिने केलेली पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात १९३२ मध्ये सुरू झाला. पुढे १९७५ पासून इक्रिसॅटने सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर, कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा, किनखेड येथील कुटुंबांच्या वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. संशोधकांना असे शिदोरीसारखे साहित्य क्वचितच लाभते.

आकड्यांची चूक कागदावर राहत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई शेतातील नुकसानीवर नव्हे, तर महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. प्रमाणक चुकले, तर बाग वाळूनही शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही.