सातारचा तह आणि कारीचा वकील

भोरहून रोहिडा किल्ल्याच्या अंगाने गेलं की कारी गाव लागतं. कान्होजी जेध्यांचं गाव म्हणून लोक तिथं येतात. मी मात्र गेलो होतो दुसऱ्याच माणसासाठी. रंगो बापूजी गुप्ते याच गावचे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर आणि प्रतापसिंह महाराजांवर मोठा ग्रंथ लिहिला आहे.

पेशवाई बुडाल्यावर 25 सप्टेंबर 1819 रोजी कंपनी सरकारने प्रतापसिंहांशी तह केला. छत्रपती आणि त्यांच्या वारसांकडे हा मुलूख कायमचा राहील असं त्यात लिहिलं होतं. पण पुढच्याच कलमात राजाने इंग्रज वकिलाच्या सल्ल्याने चालावं असं होतं, आणि त्याला न विचारता बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवले तर तहाचे फायदे गमवावे लागतील असंही होतं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हातात दोरी ठेवली! भोरच्या पंतसचिवांशी कंपनीने 1820 मध्ये वेगळा तह केला.

1839 मध्ये ती दोरी ओढली गेली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं.

महाराजांची बाजू मांडायला सातारचे वकील लंडनला गेले. त्यांत यशवंतराव शिर्के आणि भगवंतराव विठ्ठल यांच्याबरोबर मीर अफजल अली होते. शाळेत मला हे नाव कधी भेटलं नाही. छत्रपतींच्या गादीसाठी समुद्र ओलांडणारा मुसलमान वकील आमच्या मुलांना ठाऊक असता तर किती बरं झालं असतं! कंपनीच्या संचालकांनी त्यांना सांगितलं, मुंबई सरकारमार्फत या. म्हणजे ज्याने आरोप केला, त्याच्याच दारातून दाद मागायची.

त्यांच्यामागून रंगो बापूजी गेले आणि जवळपास 14 वर्षं तिथं राहिले. भागधारकांच्या सभांत भांडले, पत्रकं छापली, कर्जबाजारी झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: तुम्ही लिहिलंय ते वाचा. ते लंडनमध्ये असतानाच महाराज 1847 मध्ये काशीला वारले. पुढच्या वर्षी त्यांचे भाऊ शहाजीराजेही गेले. त्यांनी घेतलेलं दत्तक डलहौसीने नाकारलं आणि सातारा खालसा केला. 'वारस' हा शब्द तहात होता, पण वारस कोण हे ठरवायचा अधिकार इंग्रजांनी स्वतःकडे घेतला.

1840 मध्ये न्यूझीलंडच्या वाइतांगीला माओरी सरदार आणि इंग्रज यांच्यात असाच तह झाला. माओरी मसुद्यात कारभार दिला होता, इंग्रजीत सार्वभौमत्व. इथले इंग्रज वस्ती करायला आलेले नव्हते, हा फरक आहेच. पण तिथे 1975 पासून त्या कागदावर न्यायाधिकरण बसतं. आमचा 25 सप्टेंबर कोणाला आठवत नाही.

भोर संस्थान मात्र 8 मार्च 1948 पर्यंत टिकलं. वेल्हे तेव्हा त्याच्या प्रचंडगड तालुक्यात होतं, प्रचंडगड म्हणजे तोरणा. ज्या मावळ्यांच्या खोऱ्यांवर हे तह झाले, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा सारा सचिवांच्या कचेरीत जात राहिला.

रंगो बापूजी परत आले. 1857 मध्ये साताऱ्यात उठावाचा बेत फुटला. गेंडामाळावर 17 जणांना मारलं गेलं, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः निसटले, आणि पुन्हा सापडले नाहीत.